जास्त श्वास की भरलेला श्वास? व्हॉल्व्हची लिफ्ट, टर्बो आणि सोलापूरचा कॅमशाफ्ट

सोलापूरचा इतिहास म्हटला की चादर, गिरण्या, १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे एवढे चटकन आठवते. आजचा धागा मात्र त्याच शहराच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतून सुरू करायचा आहे. तेथे १९९२ साली यतीन शहा यांनी स्थापन केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा नामांकित मोटार कंपन्यांच्या इंजिनांसाठी तेथे कॅमशाफ्ट तयार होतात. चादरीच्या गावात मोटारीचा हा इतका नाजूक भाग घडतो, हे सोलापुरातल्याही अनेकांना ठाऊक नसते.

मोटारप्रेमींमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. वेगवान गाडीसाठी व्हॉल्व्हची उघडीप बदलणारे इंजिन श्रेष्ठ की टर्बो बसवलेले इंजिन श्रेष्ठ? एका बाजूला 'व्हीटेक'चे भक्त, दुसऱ्या बाजूला टर्बोचे. दोन्ही पक्ष आकडे फेकतात, आवाजाच्या चित्रफिती दाखवतात, आणि वाद होता तेथेच राहतो. याचे कारण असे की हा प्रश्न आधी इतिहासाचा आहे आणि नंतर यंत्राचा. कोणता उपाय कोणत्या अडचणीतून जन्मला, हे पाहिल्याशिवाय तुलनेला अर्थ येत नाही.

प्रथम कॅमशाफ्ट म्हणजे काय ते पाहू. हातभर लांबीचा दांडा, आणि त्यावर ठरावीक अंतरावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. या उंचवट्यांना कॅम म्हणतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला ढकलतो, व्हॉल्व्ह उघडतो, उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग त्याला पुन्हा मिटवते. एका प्रकारचे व्हॉल्व्ह इंजिनात हवा घेतात, दुसऱ्या प्रकारचे जळालेला वायू बाहेर सोडतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडतो आणि मिटतो. हा मारा सोसायचा म्हणजे कॅमचे टोक काचेसारखे कठीण हवे, आणि दांड्याचा गाभा मात्र ठिसूळ नको. त्यासाठी बीड ओतताना साच्यात कॅमच्या टोकापाशी धातूचे तुकडे ठेवतात. रस तेथे झटकन थंड होतो आणि तेवढ्याच जागी अतिशय कठीण असे पांढरे बीड तयार होते. मग ते टोक मायक्रॉनच्या हिशेबाने घासून त्याला नेमका आकार द्यायचा. इंजिनाचा स्वभाव शांत की उग्र, हे त्या आकारावर ठरते.

आता मूळ अडचण. कॅमचा आकार एकदा घासला की कायमचा. इंजिनाची गरज मात्र सतत बदलते. संथ गतीला व्हॉल्व्ह थोडा आणि थोडा वेळ उघडावा, म्हणजे हवा जोराने आत शिरते, इंधनात नीट मिसळते आणि इंजिन मऊ चालते. वेगाने फिरताना श्वास घ्यायला वेळच नसतो. तेव्हा व्हॉल्व्ह अधिक उंच उचलला गेला पाहिजे आणि अधिक काळ उघडा राहिला पाहिजे. शर्यतीच्या गाडीचा कॅम रोजच्या गाडीत बसवला तर ती चौकात उभ्या उभ्या थडथडते, धक्के देते, बंद पडते. रोजच्या गाडीचा कॅम शर्यतीत नेला तर वरच्या फेऱ्यांवर तिला धाप लागते. म्हणून बहुतेक इंजिने दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तडजोड करीत आली.

ही तडजोड पेट्रोल इंजिनाच्याही आधीची आहे. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोहोचली. ज्या वाफेच्या इंजिनांनी ती गाडी ओढली, त्यांच्या ड्रायव्हरच्या हाताशी एक दांडी असे. तिने गाडी उलट दिशेलाही नेता येई, आणि सिलिंडरमध्ये वाफ किती काळ शिरू द्यायची हेही ठरवता येई. स्थानकातून निघताना पिस्टनच्या प्रवासाचा बराचसा भाग वाफ आत येत राही, कारण तेव्हा ओढीची गरज असे. गाडीने वेग घेतला की ड्रायव्हर दांडी मागे घेई. वाफ लवकर तोडली जाई आणि आत कोंडलेली वाफ फुगत फुगत उरलेले काम करी. याला 'कट-ऑफ' म्हणत. बेल्जियमच्या एजिद वालशार्ट्स याने १८४४ च्या सुमारास घडवलेली व्हॉल्व्हची रचना तर पुढे शंभर वर्षे जगभर टिकली. आपल्याकडच्या 'डब्ल्यूपी' इंजिनांच्या चाकांपाशी मागेपुढे हलणारे जे दांडे जुन्या छायाचित्रांत दिसतात, ते त्याच रचनेचे. चालत्या यंत्रात व्हॉल्व्हची वागणूक बदलण्याची कल्पना १९८९ ची नव्हे. ती कोळशाच्या धुरातून आली.

गिरण्यांतही तेच. अमेरिकेतील जॉर्ज कॉर्लिस याने १८४९ मध्ये ज्या इंजिनाचे पेटंट घेतले, त्यात यंत्रावरील भार वाढला किंवा कमी झाला तर वाफ तोडण्याची वेळ आपोआप बदलत असे. सूतगिरण्यांना हे फार मोलाचे होते. मागावरची गती जरा हलली की धागा तुटतो. सोलापुरात पहिली मोठी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, त्या काळात जगभरच्या गिरणीमालकांसाठी व्हॉल्व्ह हा थेट नफ्यातोट्याचा विषय होता.

पेट्रोल इंजिनाने मात्र ही सोय गमावली. वाफेचे इंजिन मिनिटाला काही शे फेरे घेई, हे नवे इंजिन हजारो फेरे घेऊ लागले. त्या गतीला दांड्या आणि दुवे हलवत बसणे अशक्य होते. म्हणून कॅमचा आकार गोठवला गेला आणि तडजोड मुकाट्याने स्वीकारली गेली.

येथे सोलापूर पुन्हा कथेत येते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. आधी रेल्वेची कंत्राटे, मग जहाजे, विमानांचा कारखाना आणि शेवटी मोटारी, असा त्यांचा प्रवास झाला. भारतात मोटार बनवण्याची त्यांची धडपड दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनची होती, आणि ब्रिटिश सरकारचे सहकार्य त्यांना मिळाले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन क्रायस्लर समूहाच्या गाड्या बाहेर पडल्या. १९५३ मध्ये वालचंद गेले. त्यानंतर ज्या गाडीने प्रीमियरचे नाव घरोघरी नेले, ती इटलीच्या फियाट ११०० वर आधारलेली होती. पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. तिचे इंजिन १,०८९ सीसीचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. कॅमशाफ्ट एकच आणि तोही खाली ब्लॉकमध्ये, तेथून लांब काड्यांनी व्हॉल्व्ह ढकलले जात. लिटरमागे जेमतेम ४० अश्वशक्ती हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पद्मिनीला हिणवण्याचा हेतू नाही. खराब पेट्रोल आणि टॅक्सीची ढोरमेहनत सोसून जी गाडी अर्धे शतक मुंबईत चालली, तिच्या कॅमने आपले काम चोख केले होते.

पद्मिनी भारतात जुन्याच रूपात बनत होती, त्याच काळात तिची मूळ कंपनी वेगळा विचार करीत होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फियाटचा अभियंता जोव्हानी तोरात्सा याने तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची वेळ आणि लिफ्ट, म्हणजे तो किती उंच उचलला जातो, दोन्ही बदलणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. ते लगेच रस्त्यावर आले नाही. १९८० मध्ये अल्फा रोमिओने आपल्या स्पायडर गाडीत कॅमची फक्त वेळ बदलणारी रचना बसवली. लिफ्ट बदलण्याचे काम अधिक अवघड होते. त्यासाठी कॅमचा आकारच बदलल्यासारखा भासवावा लागतो.

आता दुसरा पक्ष. टर्बोचा जनक अल्फ्रेड ब्यूखी हा स्वित्झर्लंडचा. त्याला सतावणारा प्रश्न उधळपट्टीचा होता. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग धुराबरोबर गरम गरम बाहेर जातो. तो धूर एका चक्रावर सोडावा, ते चक्र फिरले की त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबेल, ही कल्पना त्याने १९०५ मध्ये पेटंट केली. तिला यश यायला वीस वर्षे लागली, तेही मोठ्या डिझेल इंजिनांत. तत्पूर्वी १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच पर्वतावर नेले. विरळ हवेत धाप लागणाऱ्या इंजिनाला टर्बो समुद्रसपाटीवरचा जोम परत देऊ शकतो, हे त्याने तेथे दाखवून दिले. टर्बोचे मूळ काम असे होते: वातावरण जेवढी हवा देते, तेवढीच घेण्याची सक्ती मोडून काढणे.

मोटारींत टर्बो १९६२ मध्ये आला. जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर या दोन गाड्या त्या वर्षीच्या. जेटफायरची गोष्ट मजेशीर आहे. दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेट घेते, इंजिनात खटखट सुरू होते. ते टाळण्यासाठी या गाडीत पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरत आणि मग गाडी मरगळल्यासारखी चाले. कंपनीने लवकरच नाद सोडला. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो आणली, नेमकी तेलसंकटाच्या तोंडावर. १९७४ मध्ये पोर्शची ९११ टर्बो आली. या गाडीला जपून चालवावे लागे. पाय दाबावा तर क्षणभर काहीच नाही, आणि मग वळणाच्या मधोमध सगळी शक्ती एकदम. चक्र गतीला येईपर्यंतच्या या रिकाम्या क्षणाला 'लॅग' म्हणतात, आणि टर्बोच्या पुढच्या इतिहासातली बरीचशी मेहनत तो क्षण कमी करण्यात गेली.

फॉर्म्युला वनमध्ये रेनोने १९७७ मध्ये दीड लिटरचे टर्बो इंजिन उतरवले. ते इतक्या वेळा धूर सोडीत बंद पडे की त्या गाडीला 'पिवळी चहाची किटली' हे नाव पडले. दहा वर्षांच्या आत हसणारे सगळे टर्बोच बनवीत होते. १९८६ च्या सुमारास दीड लिटरची इंजिने पात्रता फेरीपुरती हजाराहून अधिक अश्वशक्ती देत. पद्मिनीच्या इंजिनाहून जेमतेम दीडपट मोठी, आणि शक्ती पंचवीसपट. १९८८ मध्ये होंडाच्या टर्बो इंजिनावर मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. १९८९ पासून नियमांनी टर्बोवर बंदीच घातली.

आणि याच १९८९ च्या एप्रिलमध्ये, टर्बोवर जगाला हरवणाऱ्या त्याच होंडाने रस्त्यावरच्या गाडीसाठी टर्बो नसलेले इंजिन आणले. मला या संपूर्ण कथेतला हा सर्वांत बोलका योगायोग वाटतो. होंडाला टर्बो जमत नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. रोजच्या गाडीत त्यांना तो नको होता. अभियंता इकुओ काजितानी यांच्या गटाने आधी लिटरमागे ९० अश्वशक्तीचे लक्ष्य ठेवले होते. संशोधन विभागाचे प्रमुख नोबुहिको कावामोतो यांनी ते शंभरावर नेण्यास सुचवले. उत्तर म्हणून जे तयार झाले ते व्हीटेक. प्रत्येक सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या जोडीसाठी दोनऐवजी तीन कॅम. दोन्ही बाजूंचे बुटके, मधला उंच. संथ गतीला बुटके कॅम व्हॉल्व्ह हलवतात आणि मधला नुसता फिरत राहतो. ५,००० च्या पुढे विशिष्ट फेऱ्यांवर तेलाचा दाब एक बारीक पिन सरकवतो, तिन्ही रॉकर एकमेकांना जखडले जातात, आणि पुढचा सगळा कारभार उंच कॅम पाहतो. एकाच दांड्यावर घरच्या गाडीचा कॅम आणि शर्यतीचा कॅम शेजारी शेजारी. तडजोडीऐवजी दोन स्वभाव ठेवले, आणि मधला क्षण एका पिनेवर सोपवला.

इंटेग्रा गाडीतले ते इंजिन १.६ लिटरचे होते. ७,६०० फेऱ्यांवर १६० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे शंभर. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, एस२००० या गाडीच्या दोन लिटर इंजिनाने ८,३०० फेऱ्यांवर २५० अश्वशक्ती दिली, लिटरमागे १२५. इंजिन ९,००० फेऱ्यांपर्यंत जाई. तेव्हा पिस्टनची सरासरी गती सेकंदाला २५ मीटरच्या पुढे जाते. बीड आणि पोलाद यांच्याकडून रोजच्या वापरात यापेक्षा अधिक मागणे फार थोड्यांनी केले आहे.

आता तुलना करता येईल, आणि सुदैवाने ती एकाच कंपनीच्या दोन इंजिनांत करता येते. एस२००० चे इंजिन १,९९७ सीसीचे, श्वास नैसर्गिक, लिफ्ट बदलणारी. २०१५ च्या सिव्हिक टाइप आरचे १,९९६ सीसीचे, टर्बोसह. पहिल्याची शक्ती २५०, दुसऱ्याची ३१०. खरा फरक या दोन आकड्यांत नाही. पहिल्याचा कमाल टॉर्क २१८ न्यूटन-मीटर, तोही ७,५०० फेऱ्यांवर. दुसऱ्याचा ४००, आणि तो २,५०० फेऱ्यांपासूनच हजर. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. २,५०० फेऱ्यांवर टर्बोचे इंजिन सुमारे १४२ अश्वशक्ती देते. एस२००० ला तेथे तिचा कमाल टॉर्क मिळतो असे उदारपणे धरले, तरी ती ७८ च्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच.

ट्रकमागे अडकलेल्या माणसाला या आकड्यांचा अर्थ लगेच कळेल. सोलापूर-पुणे रस्त्यावर ओव्हरटेक करताना टर्बोवाला पाय दाबतो आणि निघून जातो. व्हीटेकवाल्याला दोन गिअर खाली उतरावे लागतात, काटा वर न्यावा लागतो. पण वर पोहोचल्यावर त्याला जे मिळते ते टर्बोवाल्याला मिळत नाही. पायाच्या दाबाला अंतराशिवाय मिळणारा प्रतिसाद, फेऱ्यांबरोबर चढत जाणारी शक्ती, आणि कॅम बदलताना आवाजात होणारा तो पालट. टर्बो इंजिन बहुधा साडेसहा हजारांच्या आसपास थकते. लिफ्टचे इंजिन तेथून पुढे खऱ्या अर्थाने सुरू होते.

थोडे हवामानही पाहू, कारण आकडे जपान-युरोपच्या थंड हवेत मोजलेले असतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आणि उन्हाळ्यात पारा ४० च्या वर. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ असते. नैसर्गिक श्वासाच्या इंजिनाला तेवढी हवा कमीच मिळते, आणि कॅम कितीही उंच केला तरी ती भरून येत नाही. टर्बो थोडा अधिक दाब देऊन उणीव भरू शकतो. पण तीच ४५ अंशांची हवा दुप्पट दाबली की तिचे तापमान शंभर अंशांच्या बरेच पुढे जाते. इंटरकूलर ती थंड करतो खरा, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मग खटखट टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा देतो आणि कागदावरची शक्ती गळते. महाबळेश्वरला मात्र न्याय उलटा. तेथे साडेतेराशे मीटरवर हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे १२ टक्के विरळ, पण थंड. पाइक्स पीकवर मॉसने जे दाखवले ते आपल्या घाटातही खरे ठरते.

मग लिफ्टचे इंजिन मागे का पडले? रेसट्रॅकवर ते हरले नाही, सरकारी कागदावर हरले. युरोपात धुरातील कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा आल्या, आणि तो मोजण्याच्या चाचण्या संथ गतीच्या, हलक्या भाराच्या होत्या. त्या चाचणीत आठ हजार फेऱ्यांचे कौशल्य कोणी विचारतच नाही. लहान इंजिन आणि वर टर्बो, हे उत्तर त्या प्रश्नपत्रिकेला चपखल बसले. भारतात तेच काम करव्यवस्थेने केले. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरहून आखूड आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना, तसेच १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. आकारावर मर्यादा आली की शक्तीसाठी हवा दाबण्यावाचून मार्ग उरत नाही.

आपल्या रस्त्यांवर या बदलाच्या दोन साक्षीदार गाड्या आहेत. २००० नंतरच्या काळात होंडा सिटीचे दीड लिटरचे व्हीटेक रूप आले, १०६ अश्वशक्तीचे. त्या काळच्या तरुणांत ही गाडी दंतकथा झाली, आणि आजही चांगली राखलेली एखादी दिसली की जाणकार थांबून पाहतो. २०१३ मध्ये पुणे जिल्ह्यातील चाकणला बनणारी पोलो जीटी टीएसआय आली. १,१९७ सीसी, टर्बो, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि तोही १,५०० फेऱ्यांपासून. तीनशे सीसी कमी, शक्ती तीच. सिटीतली शक्ती शोधत वर जावे लागे, पोलोत ती पायाखालीच असे. कोणती गाडी चालवताना अधिक आनंद होई, यावर माझे मत सिटीच्या बाजूचे आहे. पण बाजारात कोणाची बाजू भक्कम होती याबद्दल शंका नाही.

मात्र एक गोष्ट वादात नेहमी हरवते. लिफ्ट आणि टर्बो हे एकमेकांचे शत्रू नव्हेतच. लिफ्ट कॅमच्या गोठलेल्या आकारावरचा उपाय आहे, टर्बो वातावरणाच्या मर्यादेवरचा. दोन वेगळे रोग, दोन वेगळी औषधे. पोर्शने २००० मध्येच ९११ टर्बोत लिफ्ट बदलणारी रचना बसवली. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये व्हॉल्व्हची उघडीप अखंडपणे कमीजास्त करणारी रचना आणली. तिचा हेतू वेग नव्हता, इंधनबचत होता. २००९ मध्ये तिची टर्बोशी जोड दिली. आणि वर सांगितलेल्या सिव्हिक टाइप आरमध्येही व्हीटेक आहेच, फक्त ते धुराच्या व्हॉल्व्हकडे आहे. कमी फेऱ्यांवर धुराचा प्रवाह जोरदार करून टर्बोचे चक्र लवकर फिरावे, एवढ्यासाठी. एकेकाळचा नायक आता टर्बोचा लॅग घालवण्याचे काम करतो.

सर्वांत लांबचा फेरा फियाटने घातला. तोरात्साच्या पेटंटनंतर चाळीसेक वर्षांनी, २००९ मध्ये, त्या कंपनीने 'मल्टिएअर' इंजिन रस्त्यावर आणले. कॅम आणि इनलेट व्हॉल्व्ह यांच्यामध्ये लोखंडाऐवजी तेलाचा स्तंभ. विजेवर चालणारी झडप ते तेल केव्हा आणि किती सोडायचे ते ठरवते, आणि त्यावर व्हॉल्व्ह किती उघडेल हे ठरते. त्याचेच १.४ लिटरचे टर्बो रूप २०१७ पासून जीप कंपासमध्ये होते, आणि ती कंपास पुणे जिल्ह्यातील रांजणगावला बनत होती. १,३६८ सीसीतून सुमारे १६० अश्वशक्ती, लिटरमागे जवळपास १२०. सोलापूरच्या वालचंदांनी उभारलेल्या कारखान्यात ज्या फियाटची लिटरमागे चाळीसची गाडी बनली, तिच्याच वंशातले लिफ्ट आणि टर्बो दोन्ही असलेले इंजिन साठेक वर्षांनी त्याच महाराष्ट्रात रस्त्यावर आले. ग्राहकांनी त्याचे फारसे कौतुक केले नाही. कंपास घेणारे बहुतेक डिझेलकडे वळत. २०२३ मध्ये उत्सर्जनाचे नवे नियम आले आणि हे पेट्रोल इंजिन भारतातून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वीस वर्षांची मर्यादा संपून मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली.

अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या कारखान्यापुढे आता वेगळाच प्रश्न आहे. विजेच्या मोटारीला सिलिंडर नाही, व्हॉल्व्ह नाही, म्हणून कॅमशाफ्टही नाही. लिफ्ट की टर्बो या वादात कोणीही जिंकले तरी कॅमशाफ्ट लागणारच होता, विजेच्या गाडीला मात्र तो मुळीच नको आहे. गिरण्या बंद पडताना काय होते, हे सोलापूरने एकदा पाहिले आहे. कंपनीने २०१८ मध्ये नेदरलँड्समधील इमॉस ही ट्रक विजेवर चालवण्याचे तंत्र असलेली कंपनी घेतली, ती या जाणिवेतून.

मधल्या काळात संकरित, म्हणजे हायब्रिड गाड्या आल्या. २०२२ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिटीच्या हायब्रिड रूपात दीड लिटरचे व्हीटेक इंजिन आहे. नाव तेच, काम उलटे. त्यात इनलेट व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटवून इंधन वाचवतात. वाफेच्या इंजिनाचा ड्रायव्हर वेग घेतल्यावर दांडी मागे ओढून वाफ वाचवीत असे, त्याच्या जवळ जाणारे हे तंत्र आहे. या इंजिनात व्हॉल्व्ह कॅमशाफ्टच हलवतो, आणि त्याच्या कॅमचे टोक मायक्रॉनच्या हिशेबानेच घासावे लागते.